लगतधारकांना नोटीस

खिल्लारे साहेबांनी मला आजवर सात वेळा मारलं. दोनदा पाण्यात बुडवून, एकदा छत अंगावर पाडून, तीनदा विष घालून आणि एकदा, हे मी अजून विसरलेले नाही, एका कोंबडीकडून. मारून झालं की ते हात धुवायचे, माझं ताट करायचे आणि आग्रह करकरून जेवायला घालायचे. वर म्हणायचे, "घ्या ताई, जीव गेला म्हणून जेवण कशाला सोडता?"

अंबडला आम्ही एकाच ऑफिसात होतो, जमीन मोजणीच्या. साहेब भूकरमापक, म्हणजे लोकांच्या भाषेत मोजणीवाले साहेब, आणि मी खिडकीवर अर्ज घेणारी. आठवडाभर ते उन्हात बांधावर उभे राहून दोन भावांची भांडणं मोजायचे. रविवारी दुपारी स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, राक्षसांची.

खेळ समजवायला सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. सूत्रधार म्हणतो, तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून धूर येतोय, काय करता? आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं का फसलं हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. शेवटी कुणी जिंकलं, कुणी हरलं असा हिशेब नसतो. गोष्ट पुढे जात राहते आणि पात्रं लढून लढून मोठी होत जातात. आमची गोष्ट नऊ वर्षं चालली. तेवढ्या काळात माझ्या भावाचं लग्न होऊन त्याची पोरगी शाळेत जायला लागली.

हा खेळ अंबडला आणला साहेबांच्या मुलीनं, प्रज्ञानं. पुण्यात शिकत असताना एका दिवाळीच्या सुट्टीत ती खोका घेऊन आली, बापाबरोबर दोन दिवस खेळली आणि खोका इथेच विसरून गेली. पुढे ती नोकरीला नागपूरला लागली, तिचं लग्न झालं, आणि त्यानंतरच्या वर्षी साहेबांच्या मिसेस, विमलताई, गेल्या. घरात साहेब एकटे. तेव्हा त्यांनी कपाटावरून तो खोका खाली काढला. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, जाडजूड. प्रज्ञा फोनवर म्हणाली, बाबा, मी तोंडी सांगते की. साहेब म्हणाले, "न्हाई. तोंडी सांगितलेली हद्द आपण मानत नसतो." आणि शब्दकोश आणि लाल पेन घेऊन चार महिन्यांत अख्खं पुस्तक वाचून काढलं.

त्यातून आमची स्वतःची एक भाषा तयार झाली, जी पुण्यामुंबईच्या कुठल्याही खेळणाऱ्याला कळणार नाही. पात्र किती मोठं झालं हे सांगायला पुस्तकात लेव्हल होती. शब्दकोशानं तिला पातळी म्हटलं. साहेबांना पटलं नाही. "पातळी पाण्याची असती. माणसाची इयत्ता असती." म्हणून आमची पात्रं पहिल्या इयत्तेतून सुरू झाली आणि पास होत होत वर गेली. पात्राची ताकद, शस्त्रं, मालमत्ता लिहायचा जो कागद असतो त्याला अर्थातच सातबारा म्हणायचं. आणि पात्राला किती घाव सोसतात तो आकडा म्हणजे जीव. "तुमचे किती जीव राह्यले?" असं साहेब एखाद्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारायचे.

खेळणारे आम्ही तिघं. एक मी, चोर. दिवसभर खिडकीवर खरं बोलून कंटाळा येतो, म्हणून रविवारी चोर. दुसऱ्या संगीता मॅडम, साहेबांच्या शेजारी राहणाऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. त्या जादूगार. वर्गात छडी वापरायला बंदी आहे, त्याची सगळी कसर त्या आगीच्या गोळ्यांनी भरून काढत. तिसरे रफिकभाई. त्यांचं शहागडला हायवेवर टायरचं दुकान. एकदा साहेबांच्या गाडीचं पंक्चर काढता काढता त्यांनी विचारलं, साहेब, डिकीत हे रंगीत गोटे कसले? ते फासे होते. पुढच्या रविवारी रफिकभाई टेबलावर हजर. त्यांच्या योद्ध्याचं नाव बुलंद, आणि बुलंदला कुठलंही दार हातानं उघडता यायचं नाही, लाथेनंच.

साहेब गोष्ट सांगताना कधी बसले नाहीत. मोजणीच्या फळीपाशी उभं राहायची सवय, तशी टेबलाच्या टोकाला उभे. आणि माणसाशी बोलताना एक डोळा मिटून बघायचे, जसं काही त्याच्या कपाळावर खूण धरायची आहे. पहिल्यांदा भेटणारा गोंधळायचा. लग्न जमवताना एका मुलीकडच्या मंडळींना वाटलं होतं की गृहस्थ डोळा मारतो, असं विमलताईच सांगायच्या.

त्यांचा एक मोठा दोष म्हणजे त्यांना भीतिदायक आवाज काढता यायचा नाही. त्यांचे सगळे राक्षस अर्जदारासारखे बोलायचे. पाताळातला हजार वर्षांचा ड्रॅगन डोकं वर काढायचा आणि म्हणायचा, "आपण माझ्या गुहेत विनापरवाना प्रवेश केल्याचं दिसून येतं. सबब आपणास जाळण्यात येत आहे." आम्ही हसून लोळायचो आणि मग खरोखरच जळायचो.

दुसरी लकब म्हणजे, "बराबर. मंग?" आपण काहीही सांगितलं की ते मान डोलवायचे आणि हे दोन शब्द म्हणायचे. मी राजाचा मुकुट चोरते. बराबर. मंग? संगीता मॅडम पूल जाळतात. बराबर. मंग? सुरुवातीला मला तो प्रश्न उगाच वाटायचा. पुढे कळलं की साहेबांचा सगळा धंदाच त्या मंगवर चालतो.

पहिल्या सातआठ इयत्ता छान गेल्या. आमची पात्रं लेचीपेची, मरायला टेकलेली. मी सात वेळा मेले ती याच काळात. आणि एकदा मेलं की संपलं असं साहेबांकडे नव्हतं. चोराची दुसरी बहीण यायची. माझ्या चोराला सात बहिणी होत्या. पण बाराव्या इयत्तेच्या आसपास पंचाईत सुरू झाली. आम्ही फार ताकदवान झालो. बुलंद एका दमात चार घाव घालायचा. संगीता मॅडमच्या एका गोळ्यात अख्खं सैन्य भाजून निघायचं. साहेबांनी एका रविवारी दोन राक्षस आणले, ते मेले. पुढच्या रविवारी चार आणले. मग आठ. आठही आमटी गरम व्हायच्या आत मेले. रफिकभाईंनी जांभई दिली आणि मोबाइल काढला.

त्याच्या पुढच्या रविवारी रफिकभाई आले नाहीत. गिऱ्हाईक आहे म्हणून फोन केला. त्याच्या पुढच्यालाही आले नाहीत. साहेबांनी चौघांच्या भाकऱ्या केल्या होत्या, येसरची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी केली होती. त्यांच्या हातची येसर आमटी म्हणजे काय चीज होती हे मराठवाड्याबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. त्या दिवशी ती पातेल्यात तशीच राहिली. संगीता मॅडम वह्या तपासायच्या म्हणून लवकर उठल्या. मी भांडी आत नेऊन ठेवत होते तेव्हा साहेब ओट्यापाशी उभं राहून म्हणाले, "ताई, खरं सांगू का? मला हे राक्षस-बिक्षस काही न्हाई हो. सोमवार ते शनिवार निघून जातो. रविवारी ह्या घरात एकट्यानं ताट घेऊन बसलं की घास उतरत न्हाई. तुम्ही लोकं आता कंटाळून राह्यले. आज रफिकभाई न्हाई आले, उद्या मॅडम न्हाई येणार. मंग?"

मी पातेल्यावर झाकण ठेवलं. तोवर मला वाटायचं आम्ही साहेबांना वेळ देतो. त्या दिवशी कळलं की हा माणूस आठवडाभर डोकं खाजवून आमच्यासाठी संकटं कशापायी शोधतो. बरोबरीचं संकट मिळालं तरच आम्ही पुढच्या रविवारी येणार होतो.

उपाय सापडला तो चुकीतून, आणि ती चूक फक्त मोजणीवालाच करू जाणे. साहेबांनी ड्रॅगनच्या गुहेचा नवा नकाशा काढला होता, एकवीस सेंटिमीटर लांब, एकवीस रुंद, सुरेख. त्यांच्या मनात एका सेंटिमीटरला पाच फूट होते, म्हणजे गुहा शंभरेक फुटांची. पण तीस वर्षांच्या सवयीनं हातानं आपोआप खाली लिहिलं, प्रमाण एकास हजार. मी रफिकभाईंना फोन करून, शपथा घालून बोलावलं होतं. खेळ सुरू झाला. संगीता मॅडमनी आगीचा गोळा फेकायची तयारी केली आणि शिस्तीच्या बाई म्हणून आधी पट्टीनं अंतर मोजलं. एकास हजार म्हणजे सेंटिमीटरला दहा मीटर. ड्रॅगन पावणेदोनशे मीटरवर! गोळा जातो पंचेचाळीस. गुहा निघाली जवळजवळ अकरा एकरांची.

"काका, ही गुहा आहे का शिवार?" मॅडम म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा उतरला. पण नकाशावर लिहिलेलं प्रमाण तेच खरं, हे ते जन्मभर लोकांना सांगत आलेले. आता टेबलावर स्वतःच मोडायचं कसं? ते म्हणाले, "लिहिलंय ना? बराबर. पळा मंग."

आम्ही पळालो. बुलंद धावत सुटला, धावता धावता दमला, आणि ड्रॅगन वरच्या कपारीत बसून सविनय आग ओकत राहिला. आमच्या एवढ्या शस्त्रांपैकी एकही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. आम्ही कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हरलो. शेपूट घालून बाहेर आलो. रफिकभाई इतके चिडले की दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ऑफिसात माझ्या खिडकीवर आले आणि कागद पुढे सरकवला. "विषय, ड्रॅगनच्या गुहेची फेरमोजणी करून मिळणेबाबत." खाली सही, योद्धा बुलंद, तर्फे रफिक. मी पेनानं गोल शिक्का काढून पोच दिली.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. एक डोळा मिटून रफिकभाईंकडे बघितलं. "मोजणी माझी चुकली, कबूल. पण तुम्ही दुकान बंद करून आले, हे कसं काय?"

"साहेब, रातभर झोप न्हाई आली. त्या हरामखोराला कसं गाठायचं हाच विचार. एक आयडिया हाये, पण रविवारपर्यंत सांगणार न्हाई."

साहेब जागेवरून उठून चहा सांगायला स्वतः गेले. त्या दिवशी त्यांनी तीन वेळा चहा सांगितला.

तिथून त्यांनी राक्षस वाढवणं बंद केलं. ताकदवान माणसाला अडवायचं तर अंगावर मोठा पैलवान सोडायचा नाही, हे त्यांना उमजलं. त्याच्यात आणि कामात अंतर टाकायचं. दोन ठिकाणी एकाच वेळी आग लावायची आणि शांतपणे विचारायचं, तिघंच आहात ना, कुठं जाता? शत्रूनं मरेपर्यंत कशाला लढायचं, त्यालाही जीव प्यारा आहे, हरायला लागला की पळेल, आणि पुढच्या वेळी तुमची खोड ओळखून येईल. फक्त एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. संगीता मॅडमच एकदा म्हणाल्या होत्या, की काका, सोपं आहे, सरळ सांगा ह्या किल्ल्यात जादू चालत नाही. साहेबांना रागच आला. "पोराला सतरावीपर्यंत शिकवायचं आणि मंग म्हणायचं, असं समज की तुला लिहिता येत न्हाई? ही कुठली परीक्षा? तुमची आग तुमच्याजवळच राहील मॅडम. ती कुठं लावायची न्हाई, हे तुम्ही ठरवा."

तरीही माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे लगतधारक. शेत मोजायचं असेल तर चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना आधी नोटीस द्यावी लागते. हे शेजारी म्हणजे लगतधारक. त्यांच्यासमक्ष मोजणी. याबद्दल साहेब ऑफिसात प्रसिद्ध होते. एक जरी लगतधारक आलेला नसला तर साखळी खाली ठेवून झाडाखाली बसून राहायचे. लोक वैतागायचे. एकदा डबा खाताना मी विचारलं, साहेब, नोटीस दारावर चिकटवली की नियम पुरा होतो, मग तुम्ही एवढं ताणून का धरता?

डब्यातली भाकरी तशीच हातात धरून ते म्हणाले, "नोकरीचं दुसरं वर्ष होतं. दुसऱ्या जिल्ह्यात. एक बाई होती, सरूबाई. पोरीच्या बाळंतपणाला गेल्ती. नोटीस दारावर लावली आन् मोजून मोकळा झालो. मोजणी बराबर होती, इंचभर इकडं तिकडं न्हाई. पण तिची विहिरीवर जायची पायवाट त्या पट्ट्यातून होती. शेजाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी नांगर घातला. ती परत आली तवा मी तिथंच उभा होतो. मला एक शब्द बोलली न्हाई. घागर डोक्यावर घेतली आन् लांबून वळसा घालून गेली." मग त्यांनी भाकरी परत डब्यात ठेवली. "बोलली असती तर बरं झालं असतं, ताई."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. आणि मनात आलं, हा माणूस खेळातसुद्धा असाच विचार करत असणार.

आम्ही सतराव्या इयत्तेत गेलो तेव्हा ते दिसलं. राजानं आम्हाला हुकूम दिला होता, नदी अडवून झोपलेल्या महासर्पिणीला ठार करा. सोपं काम. आमचा अंदाज, दीड तास. त्या रविवारी टेबलावर बसतो तो समोर नकाशा नाही, चार लिफाफे. उघडून बघितलं तर छापील वाटावं इतक्या वळणदार अक्षरात नोटिसा.

"आपणास कळविण्यात येते की, आज रोजी दुपारी तीन पराक्रमी इसम आपल्या लगत राहणाऱ्या महासर्पिणीचा वध करणार आहेत. हरकत असल्यास समक्ष हजर राहावे."

आणि लगतधारक हजर झाले. सगळे साहेबच, उभ्या उभ्या. वरच्या अंगाचे शेतकरी आले. सर्पिणीमुळे पाणी तुंबून त्यांच्या विहिरी भरल्या होत्या, ते म्हणाले मारू नका. खालच्या अंगाचे कुंभार आले, त्यांना ना पाणी ना गाळाची माती, ते म्हणाले आत्ता मारा. नावाडी आला. त्यानं विचारलं, एवढं धूड पडणार कुणाच्या अंगावर? शेवटी खुद्द सर्पिणीनं डोकं वर करून हरकत नोंदवली. "मी इथं निजले तवा इथं नदीच नव्हती. नदी माझ्यानंतर आली. आधीचा ताबा माझा."

रफिकभाईंनी फासा उचलला आणि परत खाली ठेवला. संगीता मॅडमनी आगीचा गोळा हातात घेतला आणि कुठे टाकावा ते त्यांना कळेना. मी म्हणाले, मी सर्पिणीची अंडी चोरून दुसरीकडे नेते, म्हणजे ती मागोमाग येईल. "बराबर. मंग?" साहेब म्हणाले. मंग वरच्या विहिरी आटणार होत्या. मी अंड्यांचा नाद सोडला.

तो तिढा तीन रविवार चालला. एकाही रविवारी तलवार निघाली नाही. आम्ही भांडलो, रुसलो, मधल्या वारी एकमेकांना फोन केले. संगीता मॅडम एका रविवारी रडल्या आणि वर म्हणाल्या, आमटीचा ठसका लागला. तिसऱ्या रविवारी रफिकभाई म्हणाले, "साहेब, बुलंद कुदळ मागून राह्यला."

"काय मागून राह्यला?"

"कुदळ. सर्पिणीला झोपू द्या. बाजूनं पाण्याची चारी खोदतो. वरच्यांचं वर राहील, जादाचं खाली जाईल."

ज्याचं नाव ऐकून राजे वेशीपर्यंत येत, ज्याला दोनशेवर जीव होते, तो सतराव्या इयत्तेतला बुलंद अख्खी दुपार चारी खोदत होता. साहेब एकेका हाताला फासा टाकायला लावत होते, मॅडमची आग खडक तडकवत होती, मी पुढे जाऊन माती बघत होते. पाणी खाली पोचलं तेव्हा रफिकभाईंनी टेबलावर अशी थाप मारली की आमटी सांडली. निघताना गाडीला किक मारत मला म्हणाले, "ताई, आज हात दुखून राह्यले." त्यानंतर त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. ईदचा रविवार आला तरी ते दुपारी डबा घेऊन आले होते.

असे रविवार गेले, आणि साहेब रिटायर झाले. प्रज्ञाला बाळ झालं होतं आणि ती बापाच्या मागे लागली होती, बाबा, आता कायमचे या. गुडघे दुखत होते, भाड्याचं घर होतं, न जायला काही कारण नव्हतं. साहेबांनी ठरवलं आणि आम्हाला सांगितलं, येत्या रविवारी गोष्ट संपवू. रफिकभाई म्हणाले, साहेब, व्हिडिओवर खेळू की. साहेब म्हणाले, "व्हिडिओवर ताट वाढता येत न्हाई रफिकभाई. आन् तुम्हाला आपापली कामं हायेत. मी लोंबकळत कशाला ठेवू तुम्हाला?"

मला त्यांचं ते बोलणं मुळीच आवडलं नाही. हसत हसत बोलले, पण तिकडे जाऊन रविवारी काय करायचं याची धास्ती त्यांच्या तोंडावर दिसत होती. नातवंडाबरोबर खेळेन, म्हणाले. नातवंड तीन महिन्यांचं होतं.

शेवटच्या रविवारी घर रिकामं झालेलं. पुस्तकं बांधलेली, विमलताईंचा फोटो चादरीत गुंडाळलेला, टेबल तेवढं शिल्लक, कारण ते संगीता मॅडम घेणार होत्या. साहेबांनी छोटासा नकाशा पसरला. एक दार, दारात एक राक्षस. दाराच्या पलीकडे गोष्ट संपते, म्हणाले. नोटिसा नव्हत्या, दुसऱ्या टोकाला आग नव्हती. अंतर दहा पावलं. रफिकभाईंनी फासा टाकला. पहिल्याच घावात राक्षसाचे निम्मे जीव गेले.

रफिकभाईंनी फाशाकडे बघितलं, मग साहेबांकडे. साहेब खिडकीबाहेर बघत होते. सतराव्या इयत्तेच्या माणसांपुढे त्यांनी बारावीतला राक्षस उभा केला होता. चुकून नव्हे. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही आम्हाला फुकट जिंकू दिलं नव्हतं, आणि आज दार उघडून देत होते, जा म्हणून. आता माझी पाळी होती आणि एका सुरीत सगळं संपणार होतं.

"मी सुरी ठेवून देते," मी म्हणाले.

"ताई, मारा की. दोनच घावांचा हाये," साहेब म्हणाले.

"नाही मारत."

"बुलंदपण न्हाई मारणार," रफिकभाई म्हणाले आणि त्यांनी फासा सरळ खिशात टाकला.

संगीता मॅडम टेबलावर पुढे झुकल्या. वर्गात मुलाशी बोलावं तसं त्यांनी त्या राक्षसाला विचारलं, "का रे, किती वर्षं उभा आहेस इथं?"

साहेब चमकले. मग राक्षसाच्या, म्हणजे अर्जदाराच्या, आवाजात म्हणाले, "नोंद आढळून येत नाही."

"आम्ही आत गेलो, गोष्ट संपली, की तू कुठं जाणार?"

साहेबांनी दोन्ही हात टेबलावर टेकले, आणि मग गोष्ट सांगताना जे कधी केलं नव्हतं ते केलं. ते खुर्ची ओढून खाली बसले.

"ह्याचं उत्तर मी तयार न्हाई केलं, मॅडम," ते स्वतःच्या आवाजात म्हणाले.

"तर करा साहेब," रफिकभाई म्हणाले. "घाई न्हाई. आम्ही इथंच दारात बसलेलो हावोत. उत्तर आल्याबगर आत जात न्हाई."

मग आम्ही पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्यांना जालन्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. मेहकरमार्गे जाणारी नागपूरची गाडी लागलेली होती. रफिकभाईंनी पिशव्या वर टाकल्या, संगीता मॅडमनी दशम्या दिल्या, मी पाण्याची बाटली दिली. साहेब खिडकीत बसले. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आणि आम्ही तिघांनी हात वर केले.

साहेबांनी हात हलवला नाही. मांडीवर वही उघडून ते मान खाली घालून लिहीत होते, एक ओळ खोडत होते, परत लिहीत होते. गाडी फाटकातून वळेपर्यंत त्यांनी वर बघितलंच नाही.

"बघितलं न्हाई साहेबांनी आपल्याकडं," रफिकभाई म्हणाले.

"हाक मारू नका," संगीता मॅडम म्हणाल्या. "लिहू द्या त्यांना."